क्रूझचं बुकिंग झाल्यावर येणारा ‘खोली अपग्रेड करा’ हा मेल नेमका काय असतो?

सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचं बुकिंग झालेलं आहे. पूर्ण पैसे भरून झालेत. निघायला महिनाभर उरलेला असताना कंपनीचा मेल येतो: तुमचं बुकिंग खोली अपग्रेड करण्यासाठी पात्र ठरलं आहे. खाली बाल्कनीत बसून कॉफी पिणाऱ्या जोडप्याचा फोटो, त्याखाली बोटानं मागेपुढे करता येईल अशी एक पट्टी आणि डॉलरमधला एक आकडा. पाच मिनिटांत त्याचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर पडतो. भरायचे का पैसे? आपल्यालाच कसा आला हा मेल? लॉटरी लागली की काय?

लॉटरी वगैरे काही नाही. त्याच जहाजावरच्या इतर अनेक प्रवाशांनाही तसाच मेल गेलेला असतो. तो मेल म्हणजे उरलेल्या खोल्या विकण्याची एक पद्धत आहे. ती नीट समजून घेतली तर कधीकधी खरंच चांगली खोली कमी पैशांत मिळते. न समजता बोट फिरवलं, तर परत न मिळणारे पैसे जातात आणि वर आईवडिलांच्या शेजारची खोलीही जाते.

आधी खोल्यांचं गणित

मोठ्या क्रूझ जहाजांवर खोल्यांचे साधारण चार प्रकार असतात. इनसाइड म्हणजे खिडकी नसलेली खोली. ओशनव्ह्यू म्हणजे खिडकी आहे, पण ती उघडत नाही. बाल्कनी म्हणजे दार उघडून बाहेर बसता येईल अशी. आणि सर्वांत वर सुइट. जेवणाचा मुख्य हॉल, बुफे, पूल, थिएटर हे सगळं इनसाइडवाल्यालाही तेच आणि बाल्कनीवाल्यालाही तेच. सुइट सोडला, तर जास्तीचे पैसे फक्त खोलीचे असतात.

आता कंपनीच्या बाजूनं बघू. जहाज बंदरातून निघालं की रिकाम्या खोलीची किंमत शून्य. त्या रात्रीची खोली उद्या विकता येत नाही. शिवाय कंपनीची कमाई फक्त तिकिटातून होत नाही. ड्रिंक्स, इंटरनेट, कसिनो, बंदरावरच्या सहली, फोटो यातून मोठी रक्कम येते. रिकामी खोली म्हणजे हा खर्च करणारी माणसंही नाहीत. म्हणून जहाज भरून नेण्यावर सगळा भर असतो. एका खोलीत दोन माणसं धरून जहाजाची क्षमता मोजतात आणि काही खोल्यांत तीन-चार जण राहतात, त्यामुळे लोकप्रिय जहाजं अनेकदा शंभर टक्क्यांहून जास्त भरून निघतात.

मग बाल्कनीच्या काही खोल्या उरल्या तर? वेबसाइटवर भाव उघडपणे पाडला, तर सहा महिन्यांपूर्वी जास्त दरानं घेतलेले प्रवासी फरक परत मागायला येणार. त्यापेक्षा इनसाइड खोलीवाल्या एखाद्याला थोडे पैसे घेऊन गुपचूप वर सरकवणं सोपं. त्याची रिकामी झालेली इनसाइड खोली हा जहाजावरचा सर्वांत स्वस्त माल, तो शेवटच्या क्षणीही खपतो. एकाच रिकाम्या बाल्कनीतून दोनदा पैसे आले: एकदा वर सरकणाऱ्याकडून आणि एकदा नव्यानं आलेल्या प्रवाशाकडून. सुइटपासून ही साखळी सुरू झाली तर तीन-चार खोल्या एकापाठोपाठ हलतात.

हे मेल पूर्ण पैसे भरायच्या मुदतीच्या आसपास आणि त्यानंतर का वाढतात, तेही यातून कळतं. क्रूझमध्ये ही मुदत प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी, लांबच्या प्रवासाला त्याहूनही आधी असते. ज्यांचं जाणं पक्कं नाही ते त्याआधी रद्द करतात आणि कुठल्या खोल्या उरणार याचं चित्र कंपनीला तेव्हा स्पष्ट दिसतं.

बोली लावायची म्हणजे काय?

अशा ऑफरचे दोन प्रकार असतात आणि बरेच जण त्यांची गल्लत करतात.

पहिला प्रकार ठरलेल्या किमतीचा. ‘प्रत्येकी इतके डॉलर भरा, बाल्कनी घ्या.’ यात पैसे भरले की खोली पक्की. फोनवर किंवा एजंटकडून ही ऑफर आली असेल, तर खोली कुठल्या मजल्यावर आणि कुठल्या बाजूला आहे, हे पैसे भरण्याआधी विचारता येतं. अमेरिकेतले क्रूझवेडे लोक अशा अचानक आलेल्या स्वस्त ऑफरला ‘अपसेल फेअरी’ म्हणतात, म्हणजे वरची खोली विकणारी परी. परी पैसे घेऊनच येते, हे मात्र खरं.

दुसरा प्रकार बोलीचा. रॉयल कॅरिबियनमध्ये याचं नाव ‘रॉयलअप’, त्याच समूहाच्या सेलिब्रिटी क्रूझेसमध्ये ‘मूव्हअप’, नॉर्वेजियन क्रूझ लाइनमध्ये ‘अपग्रेड ॲडव्हांटेज’. नावं वेगळी असली तरी पद्धत जवळपास सारखी आहे. ही कल्पना क्रूझवाल्यांनी विमान कंपन्यांकडून घेतली. रॉयलअपमागची यंत्रणा चालवणारी प्लसग्रेड ही कॅनडातल्या माँट्रियलची कंपनी आधी विमानांतल्या रिकाम्या बिझनेस क्लास सीटसाठी अशा बोली लावून द्यायची.

बोली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाजार समितीतला लिलाव येतो. समोरच्यानं आकडा वाढवला की आपण वाढवायचा. इथं तसं नाही. ही सीलबंद निविदा आहे. इतरांनी किती लावले ते दिसत नाही, किती खोल्या शिल्लक आहेत तेही दिसत नाही. स्क्रीनवर फक्त तुमची बोली कमकुवत आहे, बरी आहे की दमदार आहे, हे दाखवणारा एक काटा असतो. काटा हिरव्यात गेला म्हणजे खोली मिळेलच असं नाही आणि लालमध्ये राहिला म्हणजे मिळणारच नाही असंही नाही. तो काटा फक्त आकड्याबद्दल बोलतो. ती खोली त्या पैशांना परवडते का, हे त्याला माहीत नसतं. शिवाय आकड्याची पट्टी उघडताना सर्वांत कमी रकमेवर असेलच असं नाही. आधी ती पूर्ण डावीकडे ओढून किमान बोली किती आहे, ते पाहून घ्यायचं.

बोली मंजूर होईपर्यंत ती बदलता किंवा मागे घेता येते. मंजूर झाली की त्याच क्षणी कार्डावरून पैसे जातात आणि ते परत मिळत नाहीत. ‘जमलं तर रद्द करू’ ही सोय तिथं संपते. मंजुरी कधी येईल हे सांगता येत नाही. महिनाभर आधी येते, कधी निघायच्या एक-दोन दिवस आधी. काहीच नाही आलं तर तुमची मूळ खोली तुमचीच राहते आणि एक पैसाही कापला जात नाही.

स्क्रीनवरचा आकडा दोननं गुणा

सर्वांत जास्त लोक इथंच फसतात. रॉयलअपमधला आकडा प्रत्येकी असतो आणि तो खोलीतल्या पहिल्या दोन प्रवाशांसाठी घेतात. १०० डॉलरची बोली म्हणजे २०० डॉलर.

याचे दोन परिणाम होतात. एकट्यानं खोली घेतलेल्या प्रवाशालाही दोघांचेच पैसे भरावे लागतात. उलट एका खोलीत चौघं असतील, तर तिसऱ्या-चौथ्यासाठी बोलीचे वेगळे पैसे लागत नाहीत. म्हणजे दोन मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाला हा सौदा तुलनेनं स्वस्त पडतो. पण त्यांना वरची खोली मिळण्याची शक्यता कमी, कारण चार जणांची सोय असलेल्या खोल्याच मोजक्या असतात. तिथं फक्त पलंगांचा प्रश्न नसतो. जहाजाच्या प्रत्येक भागातल्या प्रवाशांना ठरावीक लाइफबोट नेमून दिलेल्या असतात आणि त्यांच्या क्षमतेपलीकडे त्या भागात माणसं ठेवता येत नाहीत. खोली रिकामी दिसत असूनही ‘चौघांना देता येणार नाही’ असं उत्तर त्यामुळेही येऊ शकतं.

आता एक हिशेब करू. आकडे फक्त उदाहरणासाठी. चार रात्रींचा प्रवास, दोघं जण, इनसाइड खोली. कंपनीच्या वेबसाइटवर त्याच प्रवासाला आज इनसाइड प्रत्येकी ४०० डॉलर आणि बाल्कनी ५२० डॉलर दिसतेय. फरक प्रत्येकी १२०, दोघांचा २४०. बोलीच्या स्क्रीनवर किमान आकडा ६० आहे आणि पट्टी ११० वर उभी आहे. ११० लावले तर दोघांचे २२० गेले. वाचले फक्त २० डॉलर आणि त्या बदल्यात खोली निवडायचा हक्क सोडला. याला सौदा म्हणत नाहीत. त्यापेक्षा २४० भरून हवी ती बाल्कनी सरळ बदलून मागितलेली बरी. ७० लावले आणि मिळाली तर १४० डॉलर, म्हणजे खोलीमागे रात्रीला ३५. इथं विचार करण्यासारखं काहीतरी आहे.

म्हणून मेल उघडल्यावर लगेच बोली लावू नका. दुसऱ्या टॅबमध्ये तीच तारीख, तेच जहाज आणि तितकेच प्रवासी टाकून आजचा भाव बघा. वरच्या खोलीचा भाव खाली आलेला असेल, तर फरक भरून खोली बदलून मिळेल का, हे एजंटला किंवा कंपनीला विचारा. पूर्ण पैसे भरायची मुदत उलटलेली नसेल तर हे बरंच सोपं जातं. कधीकधी थेट फरकच बोलीपेक्षा कमी निघतो.

खोली ‘वरची’, पण कुठली?

बोलीच्या अपग्रेडमध्ये तुम्ही खोलीचा प्रकार मागता, विशिष्ट खोली मागत नाही. बाल्कनी मिळेल. मजला, बाजू, पुढे की मागे हे कंपनी ठरवेल आणि ते नाकारता येणार नाही.

समुद्रात जहाज हलतं तेव्हा सर्वांत कमी हालचाल मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर जाणवते. सर्वांत जास्त अगदी पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर. घाटात गाडी लागणाऱ्या माणसासाठी चौथ्या-पाचव्या मजल्यावरची मधली इनसाइड खोली ही वरच्या टोकाच्या बाल्कनीपेक्षा चांगली. कुणी आधीच विचारपूर्वक अशी खोली घेतली असेल, तर बोली लावून ती घालवण्यात काय अर्थ आहे?

आवाजाचंही तसंच. पूलच्या बरोबर खालच्या मजल्यावर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, थिएटरच्या वर रात्री उशिरापर्यंत संगीत ऐकू येतं. नीट निवडलेली खोली वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असलेली असते. मिळालेली खोली कशीही असू शकते.

बाल्कनी समुद्राकडेच असते असंही नाही. रॉयल कॅरिबियनच्या ओॲसिस श्रेणीच्या जहाजांवर काही बाल्कन्या आतल्या बाजूच्या ‘सेंट्रल पार्क’ नावाच्या बागेकडे किंवा ‘बोर्डवॉक’कडे उघडतात. काहींना त्या आवडतात. पण लाटा बघायला म्हणून पैसे भरले आणि समोर दुसऱ्यांच्या बाल्कन्या आल्या, तर वाईट वाटणारच. काही खोल्यांच्या समोर लाइफबोट टांगलेली असते. प्रकाराचं नाव नीट वाचलं तर हे आधी कळतं. उलटही घडतं. याच कंपनीच्या क्वांटम श्रेणीच्या जहाजांवर अनेक इनसाइड खोल्यांत भिंतभर स्क्रीनवर बाहेरच्या समुद्राचं थेट दृश्य दिसतं. तिथून उठून छोट्या खिडकीच्या खोलीत जाण्यासाठी पैसे मोजायचे का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

पण आपल्याकडच्या कुटुंबांसाठी खरा धोका वेगळाच आहे. आपण क्रूझला दोघंच जातो असं कमी. आजी-आजोबा एका खोलीत, मुलगा-सून आणि नातवंडं शेजारच्या खोलीत, मावशी-काका समोर, असं बुकिंग असतं. बोली मात्र प्रत्येक बुकिंगची स्वतंत्र धरली जाते. एका खोलीची बोली मंजूर झाली आणि दुसरीची नाही, तर मुलगा-सून अकराव्या मजल्यावर आणि आजी-आजोबा सहाव्यावर. रात्री-अपरात्री औषध द्यायचं असेल, नव्या जागेत आजोबा रस्ता चुकत असतील, तर त्या बाल्कनीची किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही. व्हीलचेअरसाठी रुंद दाराची, आधाराच्या दांड्या असलेली खास खोली घेतली असेल, तर त्या बुकिंगवर बोली लावूच नये. वरच्या प्रकारात तशी खोली मिळेल याची खात्री नसते.

आणखी एक. एकाच वेळी तीन-चार प्रकारांवर बोली लावता येते, तेव्हा हात सैल सुटतो. ‘बघू, कुठली लागते ते!’ पण त्यातली कुठलीही लागू शकते. जी खोली मिळाली तर मनापासून आनंद होणार नाही, तिच्यावर किमान बोलीसुद्धा लावू नका.

सुइटचं वेगळं प्रकरण

सुइटमध्ये मात्र खोलीबरोबर इतर गोष्टीही येतात: वेगळं रेस्टॉरंट, वेगळी लाउंज, जहाजात चढताना वेगळी रांग. पण सगळे सुइट सारखे नसतात. रॉयल कॅरिबियनचा ज्युनिअर सुइट नावानं सुइट असला तरी मोठ्या सुइटच्या बऱ्याच सवलती त्याला लागू नाहीत. मोठी खोली आणि मोठी बाल्कनी एवढ्यावरच समाधान असेल तर ठीक. त्याशिवाय रोजची सेवा-टीप सुइटमधल्या प्रवाशांना साध्या खोलीपेक्षा जास्त लागते, तीही माणशी. बोलीचा हिशेब करताना ती धरायची राहून जाते.

‘गॅरंटी’ या शब्दानं फसू नका

क्रूझच्या भाषेत ‘गॅरंटी’ खोली म्हणजे निवडीची हमी अजिबात नाही. तुम्ही फक्त प्रकार ठरवता, खोली क्रमांक कंपनी नंतर देते आणि म्हणून भाव कमी असतो. हमी एवढीच, की ठरलेल्या प्रकारापेक्षा खालची खोली मिळणार नाही. नशीब असेल तर फुकटात वरची मिळते. पण त्यावर भरवसा ठेवून इनसाइड गॅरंटी घेणाऱ्याला बहुतेक वेळा इनसाइडच मिळते.

भारतातून जाणाऱ्यांनी हे बघा

बुकिंग टूर कंपनीमार्फत असेल, तर क्रूझ कंपनीकडे ई-मेल एजंटचा नोंदवलेला असू शकतो. ऑफर त्यांच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. पैसे भरतानाच तुमचा ई-मेल नोंदवायला सांगा. ग्रुप टूरमध्ये टूर कंपनीनं खोल्यांचा गठ्ठा एकत्र घेतलेला असतो, अशा बुकिंगला बोलीची सोय अनेकदा नसते. तिथं टूर मॅनेजरला विचारणं हाच मार्ग.

बोलीसाठी दिलेल्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का, तेही पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं सुरुवातीला फक्त देशातल्या वापरासाठीच सुरू असतात. परदेशी वापर आपण स्वतः चालू करावा लागतो. शिवाय डॉलरमधल्या व्यवहारावर बहुतेक कार्डं साधारण २ ते ३.५ टक्के जादा आकार लावतात आणि त्यावर जीएसटी. मंजुरी अचानक येते, त्यामुळे कार्डाच्या मर्यादेत तेवढी जागाही हवी.

‘तुमचं अपग्रेड मंजूर झालंय, या लिंकवर पैसे भरा’ असा फोन किंवा मेसेज आला, तर काही भरू नका. बोलीच्या पद्धतीत कार्ड आधीच दिलेलं असतं, मंजुरीनंतर पुन्हा पैसे मागायचं कारणच नाही. कंपनीच्या ॲपमध्ये आपलं बुकिंग उघडून खोली बदललीय का, ते पाहा.

खरंच बदलली असेल, तर चेक-इनचे कागद आणि सामानाचे टॅग पुन्हा प्रिंट करा. टॅगवर खोली क्रमांक असतो. जुना टॅग लावलेली बॅग आपल्या जुन्या खोलीच्या दाराशी जाऊन बसते.

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचं काय?

२०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे मूळचं रॉयल कॅरिबियनचंच जहाज. १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून ते सुरू झालं, तेही तीन-चार रात्रींच्या छोट्या प्रवासांसाठी. त्या काळात बाल्कनी ही चैन होती, म्हणून या जहाजावर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत. बहुतेक खोल्या इनसाइड किंवा खिडकीच्या. त्यामुळे इथं प्रश्न बहुधा ‘खिडकी घ्यायची का?’ एवढाच असतो.

दोन-तीन रात्रींच्या प्रवासात तुम्ही खोलीत किती वेळ असता, हे मोजून बघा. पहिल्या दिवशी दुपारी चढायचं, शेवटच्या दिवशी सकाळी उतरायचं. मधला वेळ डेकवर, जेवणात, शोमध्ये. तरुण मित्रांच्या गटाला खिडकीवर जास्त खर्च करायची गरज नाही. दुपारी झोपणारी ज्येष्ठ मंडळी किंवा लहान बाळ बरोबर असेल, तर दिवसा उजेड येणारी खोली उपयोगी पडते. सात रात्रींच्या अलास्काच्या क्रूझला, जिथं जहाज हिमनद्यांजवळून जातं, बाल्कनीवर पैसे घालणं समजू शकतं. सिंगापूर-पेनांग-फुकेतसारख्या छोट्या प्रवासात रात्री बाहेर बघायला अंधारच जास्त असतो.

हनिमून आहे सांगितलं तर?

छान कपडे घालून काउंटरवर गोड बोललं की खोली वर सरकते, लग्नाचा वाढदिवस आहे म्हणून सांगितलं की सुइट मिळतो, असे रील्स भरपूर फिरतात. क्रूझवर खोल्यांचं वाटप कंपनीच्या ऑफिसात, सॉफ्टवेअरच्या मदतीनं, जहाज निघण्याच्या आधीच झालेलं असतं. चेक-इनला बसलेल्या कर्मचाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं. वाढदिवसाला केक मिळेल, बाल्कनी नाही.

काही वेळा टर्मिनलवर किंवा जहाजात चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर रिकामी खोली पैसे भरून मिळते. जहाज पूर्ण भरलेलं असेल तर नाही. पण विचारायला पैसे पडत नाहीत आणि बोलीपेक्षा इथं एक गोष्ट नक्की चांगली: पैसे देण्याआधी खोली क्रमांक कळतो. जहाजाचा नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवलेला असेल, तर तिथल्या तिथं बघता येतं की खोली पूलखाली आहे की मधोमध, आणि आजी-आजोबांपासून किती मजले लांब.